पहिल्या रहस्यकादंबरीची दुरुस्ती: खर्ड्यापासून प्रुफापर्यंत

माझ्या रहस्यकादंबरीचा पहिला खर्डा 2023 च्या दिवाळीत पूर्ण झाला. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या एका गावात राहतो. तालुक्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. लिहिलं ते दुपारी गिऱ्हाईक नसताना आणि रात्री सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर. कादंबरी लिहावी कशी यावर मराठीत वाचायला बरंच मिळतं. पण लिहून झाल्यावर त्या तीन-साडेतीनशे पानांचं करायचं काय, तेही पुण्या-मुंबईपासून इतक्या लांब राहून, हे सांगणारं मला फार कमी सापडलं. म्हणून खर्चासकट लिहिते आहे.

कथा थोडक्यात अशी. एक शेतकरी जानेवारीच्या थंडीत रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात जातो आणि सकाळी विहिरीत सापडतो. गाव एका वाक्यात निकाल लावतं, आत्महत्या केली. आमच्या भागात हा निकाल किती चटकन लागतो, हे मी लहानपणापासून बघते आहे. विहिरीत माणूस दिसला की पुढे कोणी काही विचारतच नाही. ते विचारणारं कोणीतरी असावं, म्हणून ही कादंबरी.

दिवाळीनंतर मी फाईल उघडली नाही. घरात कापूस येत होता, दुकानात पीक विम्याची आणि शिष्यवृत्तीची गर्दी होती, त्यामुळे लांब राहणं सोपं गेलं. संक्रांत झाल्यावर सगळं छापून काढलं. अक्षर 14 पॉइंट, दोन ओळींत भरपूर जागा, पानाच्या एकाच बाजूला. दुकान माझं असल्याने कागद आणि टोनरवर भागलं. बाहेर पानाला दोन रुपये धरले तर स्पायरलसह सातशे-आठशे रुपये लागतील. ते खर्च करा. मोबाईलवर किंवा स्क्रीनवर स्वतःचं लिखाण नुसतं सरकत जातं. कागदावर ते दुसऱ्या कोणी लिहिल्यासारखं वाचता येतं. पहिल्या वाचनात एकही शब्द दुरुस्त केला नाही. कंटाळा आला तिथे समासात एक रेघ, पटलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, एवढंच.

प्रश्नचिन्हं मोजायला बसले तेव्हा लक्षात आलं की त्यातली बहुतेक वेळेबद्दलची आहेत. कोण कधी कुठे होता. इतर कादंबऱ्यांत हे थोडं इकडेतिकडे झालं तर खपून जातं, खुनाच्या कथेत सगळी इमारत त्यावर उभी असते. मग ड्रॉइंग पेपर चिकटवून एक मोठा तक्ता केला. डावीकडे तारीख-वार-तास, वर एकेक पात्र, आणि चौकटीत ते तेव्हा काय करतंय. शेवटच्या रकान्यात वाचकाला तेव्हा काय माहीत आहे, ते. हा शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी पडला.

तक्ता भरताना पहिली पंचाईत एसटीने केली. खर्ड्यात कथा जानेवारी 2022 ची होती. माझा मुख्य साक्षीदार रात्रीच्या मुक्कामी गाडीने गावात उतरतो आणि वावराच्या वाटेवर काहीतरी बघतो. पण 2021 च्या दिवाळीपासून एप्रिल 2022 पर्यंत एसटीचा संप होता. त्या जानेवारीत आमच्यासारख्या गावांत मुक्कामी गाडी येणार कुठून? त्याला मोटरसायकलवर बसवलं तर तो गावातून येईल, वावराजवळून जाणारच नाही. दोन-तीन दिवस बरंच उलटंपालटं करून बघितलं आणि शेवटी अख्खी कादंबरी एक वर्ष पुढे, जानेवारी 2023 मध्ये ढकलली.

वर्ष बदललं की केवळ आकडा बदलत नाही. 2021-22 च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांच्या पुढे मजल मारली होती, घरोघर पैसा होता, आणि माझ्या खर्ड्यातला खुनाचा हेतू त्या पैशावर उभा होता. 2023 च्या जानेवारीत भाव आठ हजारांच्या आसपास होता, आणि मागच्या वर्षीचा भाव पुन्हा मिळेल या आशेने लोकांनी कापूस विकलाच नाही. खोल्या कापसाने भरलेल्या, हातात रुपया नाही, वर घेणेकरी दाराशी. हेतू नव्याने रचावा लागला आणि तो आधीपेक्षा खरा झाला. शिवाय घरात साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, पुरळ उठते. त्या वर्षी आमच्या गल्लीत लहान पोरांचे हात बघवत नव्हते. ज्याच्या घरी कापसाचं एक बोंडही नाही, त्याच्या हातांवर अशी पुरळ दिसली तर? याहून जास्त सांगत नाही, पुस्तक यायचं आहे.

नंतर कालनिर्णय काढलं. खुनाची रात्र बुधवार, 18 जानेवारी 2023 ठरवली होती. त्या दिवशी कृष्ण पक्षातली एकादशी आणि शनिवारी, 21 तारखेला अमावस्या. म्हणजे मध्यरात्री आभाळात चंद्र नाहीच. आणि माझा साक्षीदार तर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चांदण्यात चेहरा ओळखत होता! तो पूर्ण प्रसंग पुन्हा लिहिला. आता तो चेहरा बघत नाही, खोकला ऐकतो. खोकल्यावरून माणूस ओळखणं गावात रोजचं आहे, कोर्टात ते टिकेल का हा वेगळा प्रश्न, आणि त्या प्रश्नाने मला पुढची दोन प्रकरणं दिली. रात्रीचा प्रसंग लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, तारीख ठरवा आणि जुनं कॅलेंडर जपून ठेवा. तिथी, बाजाराचा वार, सण, उपास, सगळं एका पानावर मिळतं.

मे 2024 मध्ये, शेतीची कामं नसताना, वाचक शोधले. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांना रात्री अंगणात बाजेवर बसून वाचून दाखवलं. मोठ्याने वाचण्याचा फायदा असा की जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य वाईट आहे, हे कोणी सांगावं लागत नाही. मामाजी खुनाच्या रात्रीपर्यंत गप्प होते. तिथे म्हणाले, "सूनबाई, त्या हप्त्यात आपल्या फिडरले रातची लाईन होती काय? अन् ऑटो टाकून ठेवला असन तं माणूस रातच्याला मोटर चालू कराले कायले जाईन?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. शेतीपंपाची थ्री फेज लाईन चोवीस तास नसते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, असं पाळीने मिळते. त्यामुळे बरेच जण मोटरला ऑटो स्विच लावतात. लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते. सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होऊन डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड येतो म्हणून महावितरण ऑटो काढायला सांगतं, तरी शिवारात ते असतातच. मामाजींचा प्रश्न बिनतोड होता. त्यावर उत्तर शोधताना असं वाटलं की तो प्रश्न पुस्तकातल्या तपास करणाऱ्यानेच विचारावा. मग मोटरच्या पेटीचं झाकण उघडल्यावर ऑटोचं बटण बंद केलेलं दिसतं. रोज ऑटोवर असलेली मोटर त्या रात्री हाताने कोणी चालू केली, आणि का? कादंबरीचा मधला भाग या एका बटणावर फिरतो. नांदणाऱ्या घरातल्या माणसाने दिलेला हा धागा कुठल्याही लेखन कार्यशाळेत मिळाला नसता.

बाकी वाचकांना एकच काम दिलं होतं: कोणत्या पानावर कोणाचा संशय आला ते पेन्सिलीने लिहून ठेवा. "कशी वाटली?" असं विचारलं की ओळखीचे लोक छान म्हणतात. पानांचे आकडे मागितले की खरं कळतं. एका मैत्रिणीने पान 60 वर नाव लिहिलं होतं, आणि ते बरोबर होतं. वाईट वाटलं, पण तिला कशावरून कळलं ते विचारलं. तो माणूस विनाकारण फार गोड बोलतो, म्हणाली. त्याचे तेवढे संवाद कापले.

पोलिसांचा भाग एका निवृत्त जमादारांकडून तपासून घेतला. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी ते दरवर्षी दुकानात येतात, तिथली ओळख. त्यांना सगळी कादंबरी दिली नाही, फक्त तपासाची प्रकरणं दिली. त्यांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं. "ताई, पहिल्याच सकाळी तीनशेदोन कशी लागली? आधी मर्ग. मर्गाच्या चौकशीत काही निघालं तर मग गुन्हा." मग क्रम समजावून सांगितला. पोलीस पाटील ठाण्याला कळवतो, अकस्मात मृत्यूची नोंद, म्हणजे मर्ग, होते, पंचांसमोर प्रेताचा आणि जागेचा पंचनामा होतो, प्रेत शवविच्छेदनाला जातं, विषाची शंका असेल तर व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखून प्रयोगशाळेत पाठवतात, आणि अहवालाची वाट बघितली जाते. पंच व्हायला गावात कोणी सहजी तयार होत नाही, कारण पुढे साक्षीला कोर्टात जावं लागतं. जमादार हे सांगत असताना मी पंच शोधण्याचा प्रसंग डोक्यात लिहायला सुरुवात केली होती.

वैद्यकीय भागासाठी एका डॉक्टरांना भेटले. त्यांनी ग्रामीण रुग्णालयात अनेक वर्षं शवविच्छेदनं केली आहेत. जाताना एका कागदावर प्रश्न लिहून नेले आणि ते "असं केलं तर माणूस मरेल का" असे ठेवले नाहीत. "हे झालं असेल तर तुम्हाला टेबलावर काय दिसेल" असे ठेवले. अशा प्रश्नांना डॉक्टर मोकळेपणाने उत्तरं देतात. त्यांनी सांगितलं की प्रेत साधारणपणे आधी बुडतं, आत वायू साठल्यावर वर येतं, आणि जानेवारीच्या गार पाण्यात त्याला उन्हाळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. माझ्या खर्ड्यात ते दुसऱ्या दिवशी सकाळीच तरंगत होतं. आता कठड्याशी चपला दिसतात, मग गळ टाकतात. बुडून मृत्यू झाला का हे बघायला हाडातल्या मज्जेत डायटम, म्हणजे पाण्यातली सूक्ष्म शेवाळं, शोधतात आणि तुलनेसाठी त्याच विहिरीच्या पाण्याचा नमुना लागतो. डोक्यावरची जखम पडताना बांधकामाचा दगड लागूनही होऊ शकते, त्यामुळे जखम दिसली म्हणजे खून असं डॉक्टर लगेच म्हणत नाहीत. लेखकाला याहून चांगली बातमी नाही.

अजून एक गोष्ट त्यांच्याकडूनच कळली. नोव्हेंबर 2021 पासून सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करता येतं, पण खून, आत्महत्या किंवा घातपाताचा संशय अशी प्रकरणं सर्वसाधारणपणे त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे संध्याकाळी पोचलेल्या माझ्या मृताला सकाळपर्यंत थांबावं लागणार, आणि त्याच्या माणसांना रात्रभर रुग्णालयाच्या आवारात. ते प्रकरण खर्ड्यात नव्हतंच. आज ते मला पुस्तकातलं सगळ्यात जवळचं वाटतं. थंडीत चादर पुरत नाही, कोणीतरी चहाचा थर्मास आणतं, आणि मृताची बायको पहिल्यांदा म्हणते की ते चपला काढून विहिरीत उतरणारे नव्हते, अनवाणीच वावरात जायचे.

हे सगळं चालू असताना 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं कलम 302 चं 103 झालं, अकस्मात मृत्यूच्या चौकशीचं 174 जाऊन नागरिक सुरक्षा संहितेचं 194 आलं. घाबरून सगळीकडे बदलायला निघाले होते. जमादारांनी थांबवलं. गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशीचं कलम लागतं, आणि माझा गुन्हा जानेवारी 2023 चा, तपासही तेव्हाचाच. म्हणून 302 तसंच राहिलं. तुमची कथा जुलै 2024 नंतरची असेल तर मात्र नवी कलमं, आणि झडती-जप्तीचं चित्रीकरण करण्याची नवी तरतूदही ध्यानात घ्या.

दिवाळी 2024 पर्यंत दुसरा खर्डा झाला. 82 हजार शब्द. आता पैसे देऊन संपादक घ्यायचा ठरवला. घरात यावर चर्चा झाली, नवऱ्याने एकच विचारलं, पैसे दुकानातून काढणार की तुरीतून. दुकानातून काढले. पुण्याच्या एका संपादकबाईंशी फोनवर बोलणं झालं. त्यांनी आधी दहा पानं नमुना म्हणून संपादित करून पाठवली, ती बघून मग होकार दिला. शब्दाला 30 पैसे, म्हणजे 24,600 रुपये, निम्मे आधी, निम्मे काम झाल्यावर. त्यात काय काय येतं ते ई-मेलवर लिहून घेतलं: एक सविस्तर पत्र, त्यानंतर ओळीगणिक संपादन, आणि शंकांसाठी फोन. नमुना पानं मागितल्याशिवाय आणि लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

पत्र जानेवारीच्या शेवटी आलं. नऊ पानी. पहिला परिच्छेद वाचून बंद केलं आणि आठवडाभर उघडलं नाही. पोटात खड्डा पडतो, तो सगळ्यांनाच पडतो असं नंतर इतर लिहिणाऱ्यांकडून कळलं. पुन्हा वाचलं तेव्हा प्रत्येक मुद्द्यासमोर "पटलं", "नाही", "बघू" असं लिहीत गेले. "नाही" फार थोडे निघाले.

त्यांचा मोठा मुद्दा असा होता की, मी त्याचे आधीचे संवाद कापल्यावर, खुनी माणूस पान 180 पर्यंत कथेत येतच नाही. वाचकाने ज्याला पाहिलंच नाही तो खुनी निघाला तर वाचक स्वतःला फसवला गेल्यासारखा समजतो. मी त्याला तिसऱ्या प्रकरणात आणलं, विहिरीवर गळाचा दोर ओढणाऱ्यांत. चार जण दोर ओढतात, एकजण सूचना देतो, एकजण आभाळाकडे बघतो, आणि याच्या तळहाताला दोराचा वळ उठतो. पुढे तो तळहात पुन्हा येतो. खूण लपवायची तर ती अशा दोन-तीन इतर गोष्टींच्या मध्ये ठेवायची, परिच्छेदाच्या शेवटी नाही. शेवटच्या वाक्यावर वाचकाची नजर थांबते. हे त्यांच्याकडून शिकले. ठाणेदारांचं शेवटचं अकरा पानी स्पष्टीकरणही तोडून आधीच्या प्रकरणांत वाटून टाकलं.

वऱ्हाडीवरून मात्र बरंच बोलणं झालं. संवाद सौम्य करावेत, बाहेरच्या वाचकाला जड जातील, असं त्यांचं मत. मी ऐकलं नाही. मामाजींचा प्रश्न प्रमाण मराठीत विचारला तर तो मामाजींचा राहत नाही. तोडगा असा निघाला: निवेदन प्रमाण, संवाद वऱ्हाडी, आणि वऱ्हाडीचं लेखन पुस्तकभर एकसारखं. मराठीच्या मान्य शुद्धलेखन नियमांतही पात्रांच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक आहे. एका वहीत तक्ता केला: मले, तुले, तं, अन्, हाये, असन. कोणतं पात्र किती वऱ्हाडी बोलतं तेही, कारण शहरात शिकलेली मुलगी आईशी एक बोलते आणि ठाणेदारांशी दुसरं. शेवटी शब्दार्थांची यादी द्यायची नाही असंही ठरलं. धुरा, कोठा, सालदार, पऱ्हाटी, ओलित, हे शब्द वाक्यातूनच कळले पाहिजेत. न कळले तर वाक्य बदलायचं.

मे 2025 ला तिसरा खर्डा 71 हजार शब्दांवर आला. मग प्रकाशक. एका ठिकाणी सगळं हस्तलिखित पाठवलं, दुसऱ्या दिवशी "कादंबरी उत्तम आहे" असं उत्तर आणि साठ हजारांचं दरपत्रक आलं. एका रात्रीत कोणी तीनशे पानं वाचत नाही, नकार कळवला. बाकीच्यांनी सारांश आणि पहिली तीन प्रकरणं मागितली. सारांशात खुनी कोण हे लिहायचं असतं. तिथे लपवाछपवी केली तर प्रकाशकाला कथा बसते की नाही ते कळत नाही. उत्तर यायला आठवडे जातात, कुठून येतच नाही. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिच्याकडेही लक्ष ठेवा. शेवटी नागपूरच्या एका लहान प्रकाशकांनी होकार दिला, माझ्याकडून पैसे न घेता.

दरम्यान कॉपीराइटची नोंदणी केली. हक्क लिहिल्यापासून आपलाच असतो, नोंदणी सक्तीची नाही, पण हस्तलिखित इतक्या जणांकडे फिरलेलं म्हणून केली. साहित्यकृतीला शुल्क 500 रुपये, अर्ज ऑनलाइन, डायरी क्रमांक मिळतो, मग आक्षेपांसाठी 30 दिवसांची थांबण्याची मुदत, त्यानंतर छाननी. आयएसबीएनला, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाला, सरकारी शुल्क नाही. प्रकाशक असेल तर तेच घेतात, त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

प्रुफं दिवाळीच्या आसपास आली. माझी फाईल युनिकोडमध्ये, त्यांची मांडणी जुन्या फॉन्टमध्ये. बदलताना सगळ्यात आधी "ऱ्ह" आणि "ऱ्या" मोडले. वऱ्हाड, पऱ्हाटी, शेतकऱ्याचा, कुऱ्हाड... माझ्या पुस्तकात हे शब्द पानोपानी. त्यामुळे पहिलं प्रूफ वाचताना अर्थाकडे न बघता फक्त जोडाक्षरं बघितली, दुसऱ्यात तारखा-वार-नावं तक्त्याशी ताडून बघितली. दोन्ही एकदम करायला गेलं की दोन्ही निसटतात. मुद्रितशोधन प्रकाशकांनी करून घेतलं होतं, तरीही एका ठिकाणी बुधवारचा गुरुवार झालेला सापडला.

एकूण खर्च संपादन, छपाई, कुरियर, नागपूर-यवतमाळच्या खेपा धरून तीस हजारांच्या आत राहिला. एवढं जमणार नसेल तर छापील प्रत आणि पाच-सहा मोकळेपणाने बोलणारे वाचक एवढ्यावर दुसरा खर्डा करा, आणि संपादकाला फक्त पहिली पन्नास पानं द्या. ती पानं बघून पुढच्या दुरुस्त्या बऱ्याच अंशी स्वतः करता येतात. वेळेच्या तक्त्याचा कोरा नमुना मी करून ठेवला आहे, कोणाला हवा असेल तर कळवा, पाठवते.